साठ पानं आणि एक बटण

वाचकाचं पत्र:

हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत मी बिझनेस अॅनालिस्ट आहे. चार वर्षं झाली. रुग्णाची नोंदणी, बिलं, पावत्या हे आमचं काम. वापरणाऱ्यांना काय हवंय ते समजून घ्यायचं, लिहून काढायचं आणि डेव्हलपर मंडळींपर्यंत पोचवायचं, ही माझी जबाबदारी. टीममध्ये नऊ डेव्हलपर आहेत. हुशार आहेत, कामचुकार अजिबात नाहीत. पण काउंटरवर बसणाऱ्या माणसाशी त्यांना काही देणंघेणं नाही. मागच्या मोड्यूलसाठी मी ६० पानांचं डॉक्युमेंट लिहिलं, ते कोणी उघडलंसुद्धा नाही. मीटिंगला कॅमेरे बंद, माइक बंद. शेवटी एकच वाक्य येतं, ‘टिकिटमध्ये टाक ना, करतो.’ टिकिट म्हणजे काय काम करायचं त्याची आमच्या सिस्टिममधली नोंद.

ताजं उदाहरण सांगते. काउंटरवाल्यांनी पावत्यांच्या यादीसाठी एक्सेल एक्सपोर्ट, म्हणजे ती यादी एक्सेल फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोय, मागितला होता. मी टिकिट लिहिलं, त्याबरहुकूम बटण आलं. तीन आठवडे लागले. आता काउंटरवाले म्हणतात, याचा काही उपयोग नाही. डेव्हलपर म्हणतात, टिकिटमध्ये होतं तेच केलंय. आणि दोघंही माझ्याकडे बघतात. एक सिनिअर तर प्रत्येक गोष्टीला ‘पण हे का हवंय?’ विचारून मीटिंगचा खोळंबा करतो. मला ते उद्धट वाटतं. मॅनेजर म्हणतात, सगळ्यांना एम्पथीचं ट्रेनिंग देऊ आणि ‘यूजर फोकस’ अप्रेझलमध्ये घालू. त्याने फरक पडेल? की मीच लिहिण्यात कमी पडतेय?

— मधल्यामध्ये अडकलेली

उत्तर:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. लिहिण्यात तुम्ही कमी पडत नाही. मला वाटतं, जरा जास्तच पडताय.

साठ पानं कोण वाचणार? लिहून झाल्यावर तुम्ही स्वतः तरी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत परत वाचलीत का? मीही अशी डॉक्युमेंटं लिहिली आहेत, वाचलीही आहेत. वाचली कमी. ती लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे डेव्हलपर कधीच नसायचा. डोळ्यांपुढे असायचा तो दिवस, जेव्हा काहीतरी बिनसेल आणि मला सेहेचाळिसाव्या पानावर बोट ठेवून म्हणता येईल, ‘हे बघा, लिहिलं होतं.’ हातात दिलेला कागद मदतीसाठी आहे की पुराव्यासाठी, हे माणसाला दुसऱ्या पानापर्यंत कळतं. मग तोही स्वतःचा पुरावा तयार ठेवतो. ‘टिकिटमध्ये होतं तेच केलंय.’ तुमचं डॉक्युमेंट आणि त्यांचं हे वाक्य, सख्खी भावंडं आहेत.

तुम्ही म्हणता त्यांना देणंघेणं नाही. माझ्या मते त्यांच्यापर्यंत प्रश्न कधी पोचलेलाच नाही, पोचलंय ते उत्तर. काउंटरवरची अडचण ऐकली तुम्ही, समजून घेतली तुम्ही, तिच्यावर काय करायचं ते ठरवलंत तुम्ही, आणि त्यांच्या हातात पडलं ‘यादीच्या वर उजवीकडे एक्सपोर्टचे बटण द्यावे’. आता यात रस घ्यायचा तो कशात? बटणाच्या रंगात? गणित फळ्यावर सोडवून झालं आणि ‘वहीत उतरवून घ्या’ म्हटलं की वर्गातलं सगळ्यात हुशार पोरही खिडकीबाहेर बघायला लागतं.

त्या बटणाकडेच जरा नीट बघू. तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही. ती फाइल उतरवून घेतल्यावर काउंटरवरचा माणूस तिचं करतो काय?

असे काउंटर मी पाहिलेत, त्यावरून अंदाज करतो. तुमच्याकडे वेगळं असेल तर सोडून द्या. पाळी संपत आलेली असते. ड्रॉवरमधली रोकड मोजून पावत्यांशी जुळवल्याशिवाय पुढच्या माणसाला खुर्ची देता येत नाही. त्यासाठी त्याला तीन आकडे हवे असतात: रोख किती, कार्डाने किती, ऑनलाइन किती. तेही रद्द पावत्या वगळून, आणि फक्त त्याच्या काउंटरचे. फाइलमध्ये त्याला मिळाले तीसेक रकाने, सगळ्या काउंटरांच्या दिवसभराच्या पावत्या, आणि रकमेच्या रकान्यात आकड्याला चिकटून आलेलं चलनाचं चिन्ह. मजकूर म्हणून आलेली रक्कम एक्सेलच्या लेखी आकडाच नसते, त्यामुळे खाली बेरीज लावली की शून्य येतं. तो ते शून्य बघतो, फाइल बंद करतो आणि खणातून कॅल्क्युलेटर काढतो.

मग त्याने एक्सपोर्ट मागितला कशाला? कारण दुसऱ्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरमध्ये तसलं बटण त्याने पाहिलं होतं. वापरणारा माणूस आपली अडचण क्वचित सांगतो. त्याला जी बटणं ओळखीची आहेत त्यांच्या भाषेत तो मागणी सांगतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातलाच प्रकार, फक्त आपण भांडं लपवतोय हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं.

हीच पाळी संपतानाची गोष्ट डेव्हलपरना सांगितली असती, तर नवातला एक तरी म्हणाला असता, ‘मग फाइल कशाला? लॉगिन कुणाचं आहे ते आपल्याला माहीतच असतं. तीन बेरजा स्क्रीनवरच दाखवतो.’ तीन आठवड्यांच्या जागी दोन-तीन दिवसांत काम झालं असतं. काय हवंय ते काउंटरवाल्याला माहीत, काय सोपं आणि काय महागडं ते डेव्हलपरला माहीत, आणि या दोन माहित्यांची तुमच्या टेबलावर कधी गाठच पडत नाही. डेव्हलपर मला काउंटरपाशी हवा असतो तो या हिशोबासाठी. त्याचं मन मोठं व्हावं वगैरे उद्देश माझा तरी नसतो.

आता तुमचा तो सिनिअर. पत्रातलं ते वाक्य वाचून मला हसू आलं, राग मानू नका. टीममधले तोंड उघडत नाहीत ही तुमची एक तक्रार, आणि जो उघडतो तो उद्धट ही दुसरी. अहो, ‘पण हे का हवंय?’ एवढं कोणीतरी विचारावं म्हणूनच तर तुम्ही मला पत्र लिहिलंत! सूर वाईट असेल त्याचा, मान्य. पण तो तसा का झाला असेल? हा प्रश्न तो बहुधा कित्येक वर्षं विचारतोय आणि उत्तर मिळतंय ‘क्लायंटने मागितलंय’. हे ऐकून ऐकून आधी माणसाचा आवाज कडवट होतो, नंतर बंद होतो. तुमचे बाकीचे आठ कदाचित याच वाटेवर त्याच्या पुढे गेलेत.

पुढच्या खेपेला त्याने विचारलं की ‘क्लायंटने मागितलंय’ जिभेवर येईलच. ते गिळा आणि म्हणा, ‘मलाही नीट माहीत नाही, चला विचारून येऊ.’ सगळ्या टीमसमोर म्हणा. अॅनालिस्टला एखादी गोष्ट माहीत नसू शकते, हे कळल्यावर मीटिंगमधले माइक कसे सुरू होतात ते बघा.

मी स्वतः बरीच वर्षं कोड लिहिला, त्यातली पहिली काही वर्षं पक्का सांगकाम्या होतो. एका हॉस्पिटलचं नोंदणीचं काम माझ्याकडे होतं. टिकिटमध्ये ‘जन्मतारीख अनिवार्य’ असं होतं, मी अनिवार्य केली. पुढे दुसरं टिकिट आलं, एकाच रुग्णाची दोनदा नोंद झाली असेल तर ओळखा. मी नियम लिहिला, नाव तेच आणि जन्मतारीख तीच तर माणूस तोच. टेस्टिंगमध्ये सगळं हिरवं. प्रत्यक्षात मात्र सॉफ्टवेअर एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांना ‘हे एकच का?’ म्हणून जोडायला निघालं. डेटाबेस उघडून पाहतो तर जिकडेतिकडे १ जानेवारी. तारखा साठवताना काहीतरी बिघडतंय अशी माझी खात्रीच पटली आणि मी दोन दिवस तारखांचं रूपांतर करणारा कोड उकरत बसलो.

शेवटी सपोर्टमधल्या एकीने कंटाळून मला नोंदणी काउंटरवर नेऊन बसवलं. समोर एक आजी आल्या. ‘जन्मतारीख?’ ‘पासष्ट असेल गं.’ काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीनकडे न बघता शून्य एक, शून्य एक दाबलं, मनात वजाबाकी करून साल टाकलं आणि ‘पुढचे या’ म्हणाल्या. सगळं मिळून चार सेकंद. मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने एक कागद लावलेला होता, ‘तारीख माहीत नसल्यास ०१/०१ टाकणे.’ कागद पिवळा पडला होता आणि चिकटपट्टीचं टोक धुळीने काळं झालं होतं, म्हणजे तो तिथे माझ्या दुसऱ्या टिकिटच्या कितीतरी आधीपासून होता. बाई खोटं लिहीत नव्हत्या. मी त्यांना दुसरी वाटच ठेवली नव्हती.

त्या संध्याकाळी ‘वय अंदाजे’ अशी एक चौकट मी टाकली. त्याचं टिकिट नव्हतं, कुणी सांगितलं नव्हतं. एम्पथीचं ट्रेनिंगही झालेलं नव्हतं. लाज वाटली होती, आणि खरं सांगायचं तर मजाही आली होती. दोन दिवस न सुटलेलं कोडं एका चिठ्ठीने सोडवलं होतं.

तर पहिलं काम हे करा, त्यांना काउंटरवर न्या. दोघा-दोघांना, अर्धा दिवस. नवांची सहल काढू नका, गर्दी झाली की काउंटरवाला पाहुणचाराला लागतो. सोबत तुमचे मॅनेजर नकोत आणि हॉस्पिटलचे साहेब तर मुळीच नकोत. साहेब शेजारी उभे असले की माणूस नियमात लिहिल्यासारखं काम करून दाखवतो, आणि आपल्याला बघायचं असतं ते साहेब नसतानाचं काम. हॉस्पिटलची परवानगी आधी घ्या, आणि रुग्णांची नावं दिसतील असे फोटो कोणी काढायचे नाहीत हे निघण्यापूर्वीच बजावा.

तिथे गेल्यावर डेव्हलपरने मागे बसायचं, माउसला हात लावायचा नाही आणि ‘तिथे नाही, इथे क्लिक करा’ म्हणायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. आपण बनवलेलं बटण डोळ्यांसमोर असून माणसाला दिसत नाहीये, तो तिसरा मेनू उघडतोय, आणि आपण गप्प! मी पाहिलेल्या बहुतेक डेव्हलपरना पहिल्या वेळी हे जमलेलं नाही. एकाने तर स्वतःच्या हातांवर बसून दाखवलं होतं. बघायचं काय, तर स्क्रीनच्या आजूबाजूला. मॉनिटरला लावलेल्या चिठ्ठ्या, कीबोर्डशेजारची वही, कॅल्क्युलेटर, एकाच गोष्टीचं दोन ठिकाणी टायपिंग, शेजारच्याला ओरडून विचारलेला प्रश्न. तुमच्या साठ पानांत जे आलं नाही ते बहुतेक या वहीत सापडेल.

त्याच दिवशी, परत आल्याबरोबर, अर्धा तास बसा. आधी त्यांना बोलू द्या. तुम्ही मिनिट्स लिहायला घेऊ नका, वही उघडलीत की ते पुन्हा टिकिटच्या भाषेत बोलतील.

किती जणांना बघायचं, असा प्रश्न मॅनेजर विचारतीलच. वापरसुलभतेवर आयुष्यभर काम केलेले जेकब निल्सन यांनी २००० मध्ये एक हिशोब मांडला होता, की पाच जणांना वापरताना पाहिलं तर साधारण ८५ टक्के अडचणी समोर येतात. एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी दाखवतो, या गृहीतकावर तो उभा आहे, त्यामुळे तुमच्याकडे आकडा तंतोतंत तसाच येईल असं नाही. पण शंभर जणांचा सर्व्हे पाठवण्यापेक्षा पाच जणांच्या मागे बसणं बरं, इतपत माझा अनुभवही तेच सांगतो. जाणं शक्यच नसेल तर प्रत्येक डेव्हलपरने आळीपाळीने आठवडाभर सपोर्टचे फोन ऐकायचे. फोनवरचा वैतागलेला आवाज आणि टिकिटमधलं ‘यूजरला अडचण येत आहे’, यात फार अंतर असतं.

कागदावर काय काय येऊ शकत नाही याचं आमच्या धंद्यातलं सगळ्यात भीषण उदाहरण थेरॅक-२५ चं आहे. हे कर्करोगावर किरणोपचार करणारं, संगणकाने चालणारं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात त्यातून सहा रुग्णांना किरणांची मात्रा भयंकर जास्त गेली, काहींचा त्यात जीव गेला. कारणं अनेक होती. आधीच्या मॉडेलमधले यांत्रिक अडसर काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली होती, हे त्यातलं मोठं. पण मला इथे सांगायचीय ती टेक्सासमधली १९८६ ची गोष्ट. तिथल्या ऑपरेटरने उपचाराचा प्रकार टाकताना चुकून ‘ई’ऐवजी (इलेक्ट्रॉन) ‘एक्स’ (क्ष-किरण) दाबलं, लगेच वर जाऊन दुरुस्त केलं आणि पुढे गेली. स्क्रीनवर आलं ‘मालफंक्शन ५४’. यंत्रातली चुंबकं जागेवर यायला आठेक सेकंद लागायची, आणि तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती सॉफ्टवेअरच्या एका भागाच्या लक्षातच येत नव्हती. बिघाड पुन्हा घडवून दाखवला तो हॉस्पिटलमधल्या भौतिकतज्ज्ञाने आणि त्या ऑपरेटरने, दोघांनी यंत्रापाशी बसून. बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला तो आधी जमेना. ‘हे सगळं भराभर करावं लागतं’ असं सांगितल्यावर मग त्यालाही जमला.

रोज तेच काम करणाऱ्या ऑपरेटरची बोटं की-बोर्डवर पळतात, ही ओळ कुठल्या डॉक्युमेंटमध्ये कोण लिहिणार? लिहिणाऱ्याला ती सुचतच नाही आणि ऑपरेटरला ती सांगण्यासारखी वाटत नाही. शेजारी बसलेल्या माणसाला मात्र ती पाच मिनिटांत दिसते.

काउंटर पाहून आल्यावर मीटिंग बदला. नऊ जणांना एकत्र बोलावून स्क्रीनवर डॉक्युमेंट सरकवत नेणं बंद. ते काम जो करणार तो डेव्हलपर, टेस्टर आणि तुम्ही, तिघंच बसा, पंचवीस मिनिटं. आणि नियम सांगू नका, प्रसंग सांगा. तुमच्या पावत्यांचंच घ्या. ‘एका काउंटरची दैनिक बेरीज रद्द पावत्या वगळून दाखवावी’ हा झाला नियम. यावर कोणी काही बोलणार नाही, मान डोलावतील. आता असं सांगून बघा, ‘काल संध्याकाळी घेतलेली पावती आज सकाळी रद्द झाली, पैसे आजच्या ड्रॉवरमधून परत दिले. ही रक्कम कालच्या बेरजेतून जाणार की आजच्या?’

डेव्हलपर म्हणेल, ‘कालची बेरीज जुळवून बंद झालीय ना? मग ती बदलता कामा नये.’ टेस्टर म्हणेल, ‘आणि भरले होते कार्डाने, परत दिले रोख, तर?’ डेव्हलपर म्हणेल, ‘थांब, अर्धीच रक्कम परत दिली तर?’ झालं, तुम्हाला आता कोणाला जागं करावं लागणार नाही. कोडिंग करणाऱ्याला नियम दाखवला की जांभई येते आणि अपवाद दाखवला की तो खुर्ची पुढे ओढतो. त्याचं सगळं प्रशिक्षणच अपवाद शोधण्याचं आहे. आजवर ती खोड तुम्हाला डेमोच्या दिवशी आडवी येत होती, वरातीमागून घोडं म्हणतात तशी. आता तीच वरातीच्या आधी कामाला लावायची. या तिन्ही प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे नसतील तर फार छान. काउंटरवर विचारायला डेव्हलपरलाच पाठवा.

जी उत्तरं मिळतील ती प्रत्येकी एका ओळीत लिहा, अमुक स्थिती असताना तमुक केलं तर स्क्रीनवर हे दिसलं पाहिजे. टेस्टर त्याच ओळींवर टेस्ट लिहील. तुमची साठ पानं सात-आठ होतील, आणि ती वाचली जातील, कारण अर्धी त्यांनीच लिहिलेली असतील.

म्हणजे लिहिणं बंद करा असं मी म्हणत नाही. हॉस्पिटलच्या कामात नियम, कायदा, हिशोबतपासणी असतं, ते लिहिलेलंच हवं. प्रश्न फक्त आधी बोलायचं की आधी लिहायचं एवढाच. आणि हे काही नवं शहाणपण नाही. आधी सगळं लिहा, मग सगळं बांधा, मग सगळं तपासा, या पायऱ्यापायऱ्यांच्या पद्धतीचं खापर विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या निबंधावर फोडतात. पण ती आकृती काढून त्यांनी त्याच निबंधात लिहिलंय, की हे असं करणं जोखमीचं आहे आणि ग्राहकाला सुरुवातीपासून वेळोवेळी सामील करून घ्या. लोकांनी आकृती तेवढी उचलली. पुढे एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या सॉफ्टवेअर बनवण्याच्या पद्धतीवाल्यांनी यूजर स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याला काय हवंय त्याची थोडक्यात नोंद, आणली ती मुद्दाम छोट्या कार्डावर, सगळं मावूच नये म्हणून, म्हणजे बोलावंच लागेल. त्यांच्यातलेच रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये तिचे तीन भाग सांगितले: कार्ड, संभाषण आणि खातरजमा. आपण कार्डाचं टिकिट केलं, त्याला पंधरा अनिवार्य फील्ड लावली आणि मधलं संभाषण गाळून टाकलं. त्याच २००१ मध्ये सतरा जणांनी एकत्र येऊन अजाइलचा, म्हणजे थोडं थोडं बनवत आणि बदलत जाण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा लिहिला. धंदा जाणणाऱ्यांनी आणि डेव्हलपरनी प्रकल्पभर रोज एकत्र काम करावं, असं त्याच्या तत्त्वांत चक्क लिहिलेलं आहे. बऱ्याच कंपन्यांत त्यातलं उरलंय काय, तर रोज सकाळी उभं राहून पंधरा मिनिटं हजेरी.

मॅनेजरच्या कल्पनेबद्दल. ट्रेनिंगने नुकसान होणार नाही, एक दिवस जाईल इतकंच. अप्रेझलमध्ये मात्र हे घालू देऊ नका. ज्याचे गुण मिळतात ते काम लोक गुणांपुरतंच करतात. काउंटरच्या भेटींची नोंदवही भरेल, भेटी रिकाम्या राहतील. आज तुमच्याकडे बंद केलेली टिकिटं मोजतात म्हणून लोक टिकिटं बंद करतात, त्यातलंच हे.

मॅनेजरकडून दुसरंच काहीतरी मागून घ्या, आणि यावर भांडावं लागलं तर भांडा. प्रत्येक स्प्रिंटमध्ये, म्हणजे कामाच्या प्रत्येक ठरलेल्या टप्प्यात, थोडा वेळ मोकळा हवा, काउंटरवर दिसलेल्या बारीकसारीक गोष्टी कुणाला न विचारता दुरुस्त करायला. आणि डेव्हलपर ‘हे करायची गरज नाही’ असं कारणासहित म्हणाला, तर ते काम टाळणं न धरता काम धरलं गेलं पाहिजे. हे नसेल तर मी सांगितलेलं बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी. उलट अपायच होईल. एक माणूस अर्धा दिवस काउंटरवर बसतो, पिवळी चिठ्ठी बघतो, परत येऊन उत्साहाने म्हणतो की हे आपण दोन तासांत नीट करू, आणि वरून उत्तर येतं, ‘छान निरीक्षण, पण स्कोपवर सही झालीय.’ तो पुन्हा जाणार नाही. जे गेले नाहीत त्यांनाही तो जेवताना सांगेल की जाऊ नका. कराराने हात बांधलेले असतील तर त्या बंधनांत काय बदलता येईल ते आधी शोधून ठेवा, आणि मगच माणसं न्या.

नवातले एक-दोघं तरीही येणार नाहीत. असू द्या. काहींना माणसांत बसायला खरोखर नको वाटतं, त्यांना ओढून न्याल तर काउंटरवालाही अवघडेल. अशांना माणूस दाखवण्यापेक्षा घड्याळ दाखवा, ‘पाळीचा रिपोर्ट उघडायला चाळीस सेकंद लागतात आणि तेवढा वेळ तो माणूस नुसता बघत बसतो.’ क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) वेगाने पळवण्याची हौस असलेला डेव्हलपर एवढ्यावर रात्र जागवतो. तोही यूजरमध्ये घेतलेला रसच आहे, आपल्याला ओळखू येत नाही इतकंच.

एक्सपोर्टचं टिकिट इतक्यात पुन्हा उघडू नका. काउंटरची पाळी किती वाजता संपते ते विचारा, आणि त्या ‘का हवंय’वाल्या सिनिअरला घेऊन अर्धा तास आधी तिथे जाऊन बसा. लॅपटॉप घेऊ देऊ नका. वही चालेल.